मोकळे लेख आणि त्यांचे लेखक

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कार्य आरंभिले ते नागपुरास. त्या काळी छत्तीसगड ज्या मध्यप्रांतात मोडत असे त्याची राजधानीही नागपूरच होती. म्हणून दुर्ग-भिलाईकडच्या मराठी माणसास हा कोश थोडासा घरचाच वाटतो. त्याचे 23 खंड एका विद्वान संपादकाच्या देखरेखीखाली सिद्ध झाले. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची घडण याहून अगदी निराळी आहे. तेथे प्रधान संपादक नाही, मानधन नाही आणि लेखाखाली कोणाची सही नाही. ज्या ‘मीडियाविकी’ नावाच्या संगणक-प्रणालीवर तो चालतो तीही मुक्त स्रोताची, म्हणजे कोणीही उघडून पाहावी, सुधारावी आणि वापरावी अशी आहे.

सही नाही म्हणून लेख बेवारशी आहे, असा समज मात्र सर्रास आढळतो. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत असा लेख जसाच्या तसा छापला जातो आणि खाली ‘संकलन’ म्हणून भलत्याचेच नाव झळकते. वस्तुतः प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ या नावाचे एक पान असते. सरकारी नस्तीतील टिपणीची बाजू ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते चटकन उमजेल: कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला, याची तेथे ओळीने नोंद असते. कार्यालयात बाहेर जाणाऱ्या पत्रावर एकाचीच सही असते आणि मसुदा रचणारा कारकून नस्तीतच राहतो. येथे मात्र तो मसुदाकार कोणालाही पाहता येतो. एवढ्यापुरती तरी ही पद्धत आमच्या कचेरीपेक्षा न्यायाची म्हटली पाहिजे.

हे लेखक आपला स्वामित्वहक्क सोडून देत नाहीत. तो स्वतःकडे ठेवून ते इतरांस परवाना देतात. लेख घ्या, छापा, बदला, विकलात तरी हरकत नाही; परंतु मूळ लेखकांचा निर्देश करा, फेरफार केला असल्यास तसे सांगा, आणि त्या लेखातून जे नवे सिद्ध होईल तेही याच अटींवर मोकळे ठेवा. 2009 पूर्वीच्या परवान्यात प्रत्येक प्रतीबरोबर त्याचा संपूर्ण मजकूर जोडावा लागे. दोन पानांच्या लेखास कित्येक पानांची कायदेशीर शेपटी! त्या वर्षी स्वीकारलेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याने ही अडचण दूर केली. आता लेखाचे नाव, त्याचा संकेतस्थळावरील पत्ता आणि परवान्याचा उल्लेख एवढे खाली दिले की भागते. स्मरणिकेतील बाकीच्या लेखांवर या अटींचा काहीही भार पडत नाही.

आमच्या जामुलचेच उदाहरण घेऊ. सिमेंटच्या कारखान्याने ओळखल्या जाणाऱ्या या गावाविषयी मराठीत कोणी लिहू म्हटले, तर केवळ आठवणींवर लिहिता येत नाही. छापील आधार लागतो, आणि तो बहुधा हिंदीत सापडतो. हिंदी विकिपीडियावरील मजकुराचे भाषांतर करण्यास पूर्ण मुभा आहे. तथापि भाषांतर हेही मूळ लेखाचेच अपत्य असल्यामुळे कोणत्या हिंदी लेखावरून ते केले याची नोंद करावीच लागते. याउलट एखाद्या ग्रंथातील उतारे विकिपीडियावर नेऊन ठेवता येत नाहीत. आपल्या कायद्याने ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क शाबूत असतो. केतकर 1937 साली निवर्तले, त्यामुळे त्यांचे लेखन आज सर्वांस खुले आहे. हयात लेखकाचे पुस्तक तसे नाही.

छायाचित्रांची गोष्ट आणखी वेगळी. लेखातील प्रत्येक चित्राचा परवाना स्वतंत्र असतो, आणि चित्रावर टिचकी मारली की चित्रकर्त्याचे नाव व अटी दिसतात. स्मरणिका छापखान्यात धाडण्यापूर्वी ते नाव चित्राखाली उतरवून घ्यावे. एका ओळीचेच काम आहे.