रमजानची कोथिंबीर रजबमध्ये पेरू या

इफ्तारच्या दस्तरखानावर पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी आपल्याला हवीच. भजी असोत, कबाब असोत की खिमा. पण त्याच महिन्यात आपण सगळेच बाजारात धाव घेतो. जुडीचा भाव चढतो, आणि असरनंतर हाती आलेल्या कोमेजलेल्या जुडीतली अर्धी पाने निवडून टाकावी लागतात. हीच जुडी आपल्या गॅलरीत किंवा गच्चीवर उगवू शकते. फक्त तयारी वेळेवर हवी.

धने पेरल्यापासून कोथिंबीर कापायला साधारण 40 ते 45 दिवस लागतात, मेथीला 25 ते 30. म्हणजे रजबच्या मध्यात धने आणि शाबानच्या सुरुवातीला मेथी पेरली, तर रमजान लागताच दोन्ही हाताशी येतात. पुढे दर आठ दिवसांनी थोडे थोडे धने पेरत राहिले की महिनाभर पुरवठा होतो. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान ऋतूंमधून फिरत असतो. 2026 चा रमजान फेब्रुवारीतला, 2029 चा जानेवारीतला. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, थंडीत ती भरपूर पाने देते. म्हणून सध्याची वर्षे आपल्यासाठी सोयीची आहेत.

कुंडी सहा इंच खोल असली तरी चालते, पण तळाला भोक हवे. दोन भाग मातीत एक भाग कुजलेले शेणखत मिसळावे. धने हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरावेत. पुदिन्याला बी नको. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्यांची खालची पाने काढून त्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. त्याला वेगळी कुंडी द्यावी, नाहीतर तो पसरून शेजारच्या रोपाला जगू देत नाही. रोज चार-पाच तास ऊन पुरते.

पाण्यासाठी वेगळा खर्च नको. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंडीत घालावे. वुजूचे पाणीही तसल्यात धरून ठेवता येते. वुजूतसुद्धा पाण्याचा इसराफ करू नये, ही आपल्याला शिकवणच आहे. मावा पडला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

माणूस, पक्षी वा जनावर आपण लावलेल्या रोपातून जे खाते, तो आपल्यासाठी सदका ठरतो, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसचा आशय आहे. मेथीची चार पाने चिमणीने टोचली तरी ती वाया जात नाहीत, हे मुलांना कुंडीजवळच समजावता येते. पाणी घालण्याचे काम त्यांनाच द्यावे.

आणि पहिली जुडी कापली की त्यातली मूठभर शेजारी पाठवू या, मग शेजारी कोणत्याही धर्माचा असो. शेजाऱ्याचा हक्क अदा करायला गच्चीवरची एक कुंडीही पुरते.