आधी ऐकावे, मग ठरवावे

घरात दोन भावंडांचे भांडण झाले, की धाकटे रडत रडत आईकडे धाव घेते आणि थोरल्याच्या पाठीत धपाटा बसतो. "आई, माझं तरी ऐकून घे!" असे तो कळवळून म्हणतो. चूक कदाचित त्याचीच असेल. परंतु धपाट्यापेक्षा आपले ऐकून घेतले नाही, हेच शल्य त्याच्या मनात दीर्घकाळ सलत राहते.

विधिशास्त्रातील एका थोर कल्पनेचे बीज या घरगुती प्रसंगात आहे. तिला 'नैसर्गिक न्याय' असे म्हणतात. तिची मुख्य सूत्रे दोन : कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाच्याही विरुद्ध निर्णय देऊ नये.

अठराव्या शतकाच्या आरंभी केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या गाढ्या पंडिताच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या. प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयापुढे गेले आणि १७२३ साली निकाल बेंटलीच्या बाजूने लागला. त्या वेळी एका न्यायमूर्तींनी बायबलातील कथेचा दाखला दिला. निषिद्ध फळ खाणाऱ्या आदमला शिक्षा सुनावण्यापूर्वी प्रत्यक्ष परमेश्वरानेही त्याला हाक मारून आपली बाजू मांडू दिली होती. सर्वज्ञ परमेश्वराला त्यातून नवे असे काय कळणार होते? तात्पर्य हे, की ऐकून घेणे केवळ माहिती मिळविण्यासाठी नसते. समोरचाही एक व्यक्ती आहे, याची ती कबुली असते.

आपल्या देशात या कल्पनेची कसोटी सरकारी कचेऱ्यांत लागली. जम्मू-काश्मीरमधील अधिकाऱ्यांची भारतीय वनसेवेसाठी निवड करावयाची होती. निवडमंडळाचे एक सदस्य स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाचा विचार चालू असता ते बाजूस झाले. परंतु प्रतिस्पर्ध्यांची नावे आली तेव्हा ते बैठकीत होतेच. १९६९ साली क्रैपाक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि स्पष्ट केले, की हे नियम केवळ न्यायालयांना नव्हे, तर प्रशासनालाही लागू आहेत. पुढे १९७८ साली, मनेका गांधी यांचे पारपत्र कारणे न सांगता जप्त झाल्याच्या खटल्यात, न्यायालय आणखी पुढे गेले. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदानुसार कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावयाचे, तर कायद्याने पद्धती नुसती घालून दिलेली असून भागत नाही. ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे.

तथापि या कल्पनेची खरी परीक्षा झाली ती मुंबईच्या पदपथांवर. तेथील झोपड्या हटविण्याचे शासनाने १९८१ साली ठरविले. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम ३१४ अन्वये आयुक्तांना नोटीस न देताही अतिक्रमण काढता येत असे. पदपथ अडविणाऱ्यांना सांगण्यासारखे काही नसतेच, मग नोटीस कशाला, असा पालिकेचा युक्तिवाद होता. १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने तो अमान्य केला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सामान्यतः नोटीस दिलीच पाहिजे. आणि ऐकून घेण्याला स्वतःचे असे मोल आहे, असे न्यायालयाने सांगितले.

परंतु झोपडीवासीयांचे पुढे काय झाले? त्यांचे म्हणणे न्यायालयाने स्वतःच सविस्तर ऐकले आहे, तेव्हा निराळी सुनावणी नको, असे ठरले. पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उजाडेपर्यंत झोपड्यांना अभय मिळाले; त्यानंतर त्या हटविण्यास आडकाठी उरली नाही. तत्त्व जिंकले, छप्पर मात्र गेले.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरे पाडण्याविषयी देशभरासाठी निर्देश दिले. कोणतेही बांधकाम पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि प्रत्यक्ष सुनावणी आवश्यक ठरली. मात्र रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामे या निर्देशांतून वगळलेली आहेत. म्हणजे ज्यांच्यामुळे हा धडा देशाने गिरविला, ते पदपथवासी या नव्या संरक्षणाच्या बाहेरच उभे आहेत.

ऐकून घेतले म्हणजे प्रत्येक जण जिंकतो असे नाही. आईने थोरल्याचे ऐकून घेतले तरी कदाचित त्याला धपाटा बसेलच. पण तो धपाटा आणि आधीचा धपाटा यांत फरक आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. राज्याच्या हाती तर आईच्या हातापेक्षा कितीतरी अधिक बळ असते. म्हणूनच तो हात उचलण्यापूर्वी कान उघडे असणे अगत्याचे आहे.