श्वाननृत्य
श्वाननृत्य : संगीताच्या साथीने कुत्रा व त्याचा प्रशिक्षक यांनी मिळून सादर करावयाचा एक आधुनिक स्पर्धात्मक क्रीडाप्रकार. त्याचे मूळ श्वानांच्या आज्ञापालन-कसोट्यांत आहे. प्रशिक्षकाच्या पायाशी राहून त्याच्याच गतीने चालणे ही त्या कसोट्यांतील मूलभूत क्रिया होय. तिला संगीताची जोड देऊन मेरी रे या प्रशिक्षिकेने १९९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जाहीर प्रात्यक्षिके केली. पुढे क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनामुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही त्याच सुमारास त्याचा प्रारंभ झाला.

याचे दोन प्रकार आहेत. ब्रिटनमधील केनेल क्लबच्या नियमांनुसार ‘हीलवर्क टू म्यूझिक’ या प्रकारात रचनेचा किमान दोन-तृतीयांश भाग निकट चालण्याचा असावा लागतो. ‘फ्रीस्टाइल’मध्ये तो एक-तृतीयांशाहून अधिक नसावा. उरलेल्या वेळात गिरक्या, प्रशिक्षकाच्या पायांमधून नागमोडी जाणे, मागे चालत जाणे, लोळण इ. हालचाली येतात. रिंगणात खाऊ अगर खेळणे नेता येत नाही. आशय, अचूकता व संगीताचा आविष्कार यांवर परीक्षक गुण देतात.

कुत्रा तालावर नाचतो, हा प्रेक्षकांचा समज मात्र यथार्थ नव्हे. तो हाताच्या, आवाजाच्या व देहाच्या सूक्ष्म खुणा पाळतो. तालाचे भान प्रशिक्षकाचे. म्हणून जाणते प्रशिक्षक कुत्र्याच्या स्वाभाविक दुडक्या चालीची गती आधी पारखतात आणि तिला जुळणारे संगीत निवडतात. चपळ बॉर्डर कॉलीला साजणारी धून आखूड पायांच्या कुत्र्यास साजेलच असे नाही. मागील दोन पायांवर दीर्घकाळ उभे राहण्याने कटिसंधी व पाठीचा कणा यांवर ताण येतो. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत हा धोका विशेष असतो. टाळ्या बहुधा याच हालचालीला पडतात, ही अडचणीची बाब आहे. शेपटी पायांत घेणे, वारंवार ओठ चाटणे ही तणावाची चिन्हे होत.

दूरचित्रवाणीमुळे या प्रकाराला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा २०१२ मध्ये अ‍ॅशली बटलर व तिचा पड्सी हा कुत्रा यांनी जिंकली. २०१५ मधील विजेत्या प्रयोगात दोरावरून चालणारा कुत्रा मुख्य कुत्रा नसून दुसराच होता आणि प्रेक्षकांना ते पुरेसे स्पष्ट केले गेले नव्हते, असे उघडकीस आले. ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने प्रेक्षकांची दिशाभूल झाल्याचा निर्णय दिला. क्रीडास्पर्धांच्या मुख्य वर्गांत एक प्रशिक्षक व एक कुत्रा अशीच जोडी उतरते आणि सर्व हालचाली त्याच कुत्र्याने कराव्या लागतात.