फादरांची शाळा

मुंबई-पुण्यातल्या मुलांच्या जुन्या कॅथलिक शाळा साठच्या दशकात शंभरीला टेकल्या होत्या. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस 1863 मध्ये अनाथ मुलांच्या आश्रमातून उभी राहिली. माझगावची सेंट मेरीज 1864 ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स 1867 ची आणि धोबी तलावाची सेंट झेवियर्स 1869 ची. या चारही शाळा जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या. माटुंग्याची डॉन बॉस्को सालेशियन संघाची. पालकांच्या बोलण्यात मात्र हे भेद नसत. त्यांच्या लेखी या सगळ्या फादरांच्या शाळा.

हे फादर कुठून कुठून आलेले होते. पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबईत जर्मन जेझुइटांचा भरणा होता. युद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवल्यावर 1920 नंतर त्यांची जागा स्पॅनिश फादरांनी घेतली. पुण्यात स्विस फादर बरेच होते. सेंट व्हिन्सेंट्सशी दीर्घकाळ नाते असलेले स्विस फादर रुडॉल्फ शॉक यांनीच 1961 मध्ये पाषाण रस्त्यावर लॉयोला हायस्कूल सुरू केले. साठच्या दशकात हे चित्र पालटत होते. पांढऱ्या झग्यातला मुख्याध्यापक आता गोव्याचा, मंगळूरचा किंवा मुंबईच्याच मूळच्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजातला असू लागला. जेझुइट शाळांत 'ब्रदर' म्हणून ओळखले जाणारे तरुणही असत. धर्मगुरू होण्याच्या लांबलचक शिक्षणातली दोन-तीन वर्षे त्यांना शाळेत शिकवावे लागे. मुलांच्या वयाला तेच जवळचे. झग्याचा सोगा कमरेला खोचून फुटबॉल खेळणारी मंडळी बहुधा हीच.

शाळा कॅथलिक असली तरी वर्गात सगळे कॅथलिक नसत. गुजराती, पारशी, मुसलमान, सिंधी आणि मराठी मुले एका बाकावर बसत. हे घडले त्यामागे न्यायालयाचा एक निकाल आहे. मुंबई सरकारने 6 जानेवारी 1954 रोजी आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कोणालाही प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स स्कूलचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ही शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन पंथाची. निकाल सरकारच्या विरोधात लागला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या किंवा वंशाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यामुळे पक्के झाले. तो आदेश टिकला असता, तर गिरगावातल्या कारकुनाच्या मुलाला फादरांच्या इंग्रजी वर्गाची पायरी चढणे अवघड झाले असते.

त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, हे जग फार लांबचे वाटे. पेण किंवा रोह्याच्या मुलाचा मळलेला रस्ता म्हणजे गावातले मराठी हायस्कूल. मुंबई राज्याच्या धोरणानुसार मराठी शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. झेवियर्समधला त्याच वयाचा मुलगा तोवर इंग्रजीतून भूगोल आणि बीजगणित शिकत असे. दोघे पुढे कॉलेजात एका वर्गात येत, तेव्हा ही दरी उघडी पडे. त्यात बुद्धीचा प्रश्न नव्हता. रोह्याचे चिंतामणराव देशमुख लहानपणी रोहा-तळ्याला शिकले, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले आणि 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले. पण देशमुख काही प्रत्येक गल्लीत जन्मत नाहीत. रेल्वे रोह्याला पोहोचली 1986 मध्ये. साठच्या दशकात मुंबईला जायचे तर एस. टी., नाहीतर रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच, आणि राहायला गिरगाव-दादरच्या चाळीतले काका किंवा मामा.

जिल्ह्यात कॅथलिक वस्ती मुळीच नव्हती असे नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे कोर्लई हे पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक गाव. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली गावात राहिली. तिथला मुलगा घरी ती बोली बोले, शाळेत मराठी शिके आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लॅटिन ऐके. मुंबईतल्या फादरांच्या शाळेपेक्षा त्याचे शालेय जीवन पेणच्या मुलाशी अधिक जुळणारे होते.

शहरातल्या शाळेचा दिवस घंटेवर चाले. पहिल्या घंटेला जिथे असाल तिथे गप्प उभे राहायचे, दुसरीला रांगेत. प्रार्थना, सूचना, मग रांगेनेच वर्गात. पांढरा शर्ट, अर्धी चड्डी, काळे बूट. पँट वरच्या वर्गातच मिळे आणि तो मुलांच्या दृष्टीने मोठाच सन्मान असे. दप्तरात रेन आणि मार्टिनचे इंग्रजी व्याकरण, कंपासपेटी आणि शाईचे पेन. पेन गळायचे, म्हणून पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली निळा डाग कायमचा. जेझुइट शाळांत वहीच्या पानावर सर्वांत वर 'ए.एम.डी.जी.' ही अक्षरे लिहायची रीत होती. 'देवाच्या अधिक गौरवासाठी' या लॅटिन ब्रीदाची ती आद्याक्षरे. कित्येक हिंदू घरांत वहीवर आधी 'श्री' लिहायची सवय होतीच, त्यामुळे हे कोणाला विचित्र वाटले नाही.

गणिताच्या तासाला त्या पिढीला दुप्पट कष्ट पडले. दशमान नाणी 1957 मध्ये आली, 1964 पर्यंत 'नया पैसा' हा शब्द चालू राहिला आणि त्याच सुमारास शेर-मण जाऊन किलो आले. घरी वडीलधारी आण्यांत बोलत, शाळेत उत्तर पैशांत द्यावे लागे. शालान्त परीक्षा तेव्हा अकरावीनंतर असे. ती जवळ आली की फादर शाळा सुटल्यावरही वर्ग घेत आणि त्याचे वेगळे पैसे मागत नसत.

धर्माचा तास दिवसात एकच. त्या वेळी वर्गाची फाळणी होई. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जात आणि बाकीच्यांना 'मॉरल सायन्स'. खरे बोलावे, परीक्षेत कॉपी करू नये, आईबापांचा मान राखावा, असे त्याचे स्वरूप. कोणाला बाटवले जाईल ही घरातल्या आजीची भीती अशा तासाला बसलेल्या मुलाला हास्यास्पद वाटे. धर्माचे खरे ओझे कॅथलिक मुलांवरच होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा, ठरावीक दिवशी कन्फेशन म्हणजे पापांची कबुली, ऑक्टोबरात रोझरी म्हणजे जपमाळ, वर्षातून एकदा मौन पाळून रिट्रीट. मिस्सेत सेवा करणाऱ्या पोरांना लॅटिन उत्तरे अर्थ न कळता पाठ करावी लागत. मुंजीत संध्या घोकणाऱ्या बटूची स्थिती याहून निराळी नसते. सर्वांना मिळणारा लाभ एकच, सुट्टी. 31 जुलैला संत इग्नेशियस, 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर. शिवाय दिवाळी, ईद आणि नाताळ होतेच.

शिस्तीबद्दल माजी विद्यार्थी आज कौतुकाने बोलतात. त्यातले काही कौतुक अंतराने आलेले आहे. छडी ही रोजच्या व्यवहारातली वस्तू होती. उशीर, अपुरा गृहपाठ, रांगेत बडबड, कशासाठीही हातावर बसे. शिवाय शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणे आणि एकच वाक्य शंभर वेळा लिहायला लावणे. त्याच काळात मराठी शाळांतले मास्तरही सढळ हाताने मारत, तेव्हा हा दोष एकट्या फादरांच्या माथी मारता येत नाही. पण भाषेच्या शिस्तीचे तसे नाही. शाळेच्या आवारात मातृभाषा बोलण्यावर अनेक ठिकाणी बंदी असे, कुठे कुठे दंडही. मुले मधल्या सुट्टीत मुंबईची हिंदी बोलतच. नुकसान झाले ते वाचनाचे. घरी उत्तम मराठी ऐकणारा मुलगा मोठेपणी मराठी वर्तमानपत्र अडखळत वाचू लागला, आणि या शाळांनी मराठी मध्यमवर्गाकडून घेतलेली ही सर्वांत जड फी होती.

रुपयांतली फी त्या मानाने फार नव्हती, पण मराठी शाळेहून जास्त होती. वार्षिक उत्पन्न 1200 रुपयांच्या आत असलेल्या घरांना राज्याने ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी-सवलत दिली, त्यामुळे मराठी हायस्कुले गरिबांना खुली झाली. फादरांच्या शाळेत गरीब मुलाची सोय बहुधा मुख्याध्यापकाच्या मर्जीवर असे.

मैदान हा या शाळांचा खरा अभिमान. सेंट स्टॅनिस्लॉस हॉकीसाठी नावाजलेली. क्रिकेटमध्ये मुंबईच्या शाळा जाइल्स आणि हॅरिस शील्डसाठी भिडत. ताडदेवच्या चिखलवाडीत राहणारा सुनील गावसकर झेवियर्सचाच. शाळेच्या अखेरच्या वर्षात त्याने नाबाद 246, 222 आणि 85 अशा खेळी केल्या, लंडनहून आलेल्या शालेय संघाविरुद्ध शतक ठोकले आणि 1966 मध्ये तो देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला. आझाद मैदान शाळेपासून हाकेच्या अंतरावर असल्याचा यात वाटा नक्कीच होता.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचा दिवस आणखी काटेकोर. पहाटे घंटा, कॅथलिकांना मिस्सा, न्याहारी, शाळा, खेळ, संध्याकाळी अभ्यासिकेत बोलायचे नाही, रात्री ठरल्या वेळी दिवे बंद. रविवारी घरी पत्र लिहायचे, आणि ते पाकिटात जाण्याआधी फादरांच्या नजरेखालून जाई.

बाहेरचे जग घंटेला जुमानत नव्हते. चीन युद्धानंतर एन. सी. सी.ची कवायत वाढली, 1965 मध्ये पाकिस्तान युद्धातल्या ब्लॅकआऊटमुळे शहरातले रात्रीचे अभ्यास अडले. डिसेंबर 1964 मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेससाठी आले, तेव्हा ओव्हल मैदानावर लोटलेल्या गर्दीत शाळकरी मुलेही होती. दुसरी व्हॅटिकन परिषद 1965 मध्ये संपली आणि मिस्सेतले लॅटिन हळूहळू जाऊन इंग्रजी, कोकणी, मराठी आली. फादर झगा सोडून शर्ट-पँटमध्ये दिसू लागले. छडी मात्र लगेच गेली नाही. शिक्षणाचा दहा-अधिक-दोन हा नवा आकृतिबंध आल्यावर 1975 मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावीचा वर्ग शाळेतून उठून कॉलेजात गेला.