एकाच वाफ्याचे पाणी बंद करताना

पाटाचे पाणी फिरवताना एखादा वाफा भरला, की आपण त्याचे तोंड मातीने बंद करतो व पाणी पुढच्या वाफ्यात सोडतो. त्यासाठी कोणी विहिरीवरची मोटर बंद करीत नाही. घरातल्या इंटरनेटच्या बाबतीत मात्र पुष्कळजण मोटरच बंद करतात. मुलगा मध्यरात्रीपर्यंत संगणकावर खेळत बसतो, म्हणून वडील रागाने वाय-फायच्या पेटीची वायर उपसतात. खेळ थांबतो खरा. पण आखातात नोकरीला असलेल्या थोरल्याशी आईचे चाललेले बोलणे तुटते, मुलीचा अभ्यास अडतो आणि उद्याचे हवामानही पाहता येत नाही. दोष एकाचा, शिक्षा सगळ्या घराला. घरोघरी भेटीला गेलो, की अशा धुसफुशी आमच्या कानी येतात.

वास्तविक एवढे करण्याची गरज नाही. या पेटीला राउटर म्हणतात. घरातील प्रत्येक यंत्राचे इंटरनेट तिच्यातूनच जाते, म्हणून एकाच संगणकाची वाट अडवायची सोयही बहुतेक राउटरमध्ये असते. ती कशी वापरावी, हे आज पाहू.

प्रथम हे कशासाठी करायचे, ते समजून घ्यावे. अमेरिकेतील झोपेच्या वैद्यकशास्त्राच्या अकादमीने २०१६ साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास व १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. सकाळी सहाला उठणारा पंधरा वर्षांचा मुलगा रात्री दहाला झोपला, तरच त्याचे आठ तास भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या व्यसनाचाही समावेश आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळच मोठा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, ही त्याची लक्षणे होत. ती साधारणपणे वर्षभर टिकली, तरच तसे निदान करतात. तेव्हा दोन रात्री जागला म्हणून मुलाला रोगी ठरवू नये. पण झोपेची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिले काम राउटर उघडण्याचे. पेटीच्या खालच्या बाजूस चिकटवलेल्या कागदावर तिचा पत्ता असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. ज्या चौकटीत एरवी वेबसाइटचे नाव लिहितो, तेथे हे आकडे इंग्रजीत लिहावेत. मग नाव व पासवर्ड विचारला जातो. तोही बहुधा त्याच कागदावर असतो. आत गेल्यावर हा पासवर्ड आधी बदलावा. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरचा हा पासवर्ड वेगळा. तो कागदावरचाच राहू दिला, तर मुलगाही तो वाचू शकतो.

दुसरे काम तो संगणक ओळखण्याचे. जोडलेल्या सर्व यंत्रांची यादी राउटर दाखवतो. प्रत्येक यंत्रापुढे बारा खुणांचा एक क्रमांक असतो. त्यात ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. यास मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. विंडोज संगणकात सेटिंग्जमधील नेटवर्कच्या पानावर हाच क्रमांक ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ या नावाने सापडतो. तो ताडून पाहावा. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वाय-फायचा क्रमांक वेगळा व वायरने जोडण्याचा वेगळा. दोन्ही लिहून घ्यावेत, नाहीतर एक दार लावायचे आणि दुसरे उघडे राहायचे.

तिसरे काम वाट अडवण्याचे. राउटरमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ किंवा ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’ या नावाचे पान शोधावे. तेथे तो क्रमांक निवडून रात्री साडेनऊ ते सकाळी सहा अशी बंदची वेळ घालता येते. राउटरचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, हे अवश्य पाहावे. ते ग्रीनिचच्या वेळेवर राहिले, तर रात्री दहाची बंदी आपल्याकडे पहाटे साडेतीनला सुरू होईल!

हाच उपाय जुन्या संगणकासाठीही करावा. विंडोज ७ ची सुरक्षेची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुधाचा किंवा सोसायटीचा हिशेब अशा जुन्या संगणकावर ठेवला असेल, तर त्याचे इंटरनेट कायमचे बंद करावे. मात्र फक्त इंटरनेट अडवणारा पर्याय निवडावा, संगणकाला वाय-फायवरूनच हाकलणारा नव्हे. म्हणजे घरातल्या प्रिंटरवर छपाई चालू राहील. परका पेनड्राइव्हही त्याला लावू नये, कारण व्हायरस त्या वाटेनेही येतो.

या कुलपाला पळवाटा आहेत, हेही सांगितले पाहिजे. मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू केले, की संगणक राउटरला वळसा घालून जातो. संगणकाचा मॅक क्रमांक बदलता येतो. विंडोजमध्ये तशी सोय आहे, ती बंद ठेवावी. राउटरच्या मागे सुईएवढ्या भोकात एक बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले, की आपले सर्व नियम पुसले जातात आणि काही वेळा घराचे इंटरनेटही बंद पडते.

यास्तव आमचे सांगणे एवढेच, की हे काम मुलाच्या पाठीमागे करू नये. त्याला शेजारी बसवून, वेळ त्याच्याशी बोलून ठरवावी आणि परीक्षेच्या दिवसांत ती कशी बदलायची, तेही तेव्हाच ठरवावे. गुपचूप लावलेले कुलूप मुले चार दिवसांत उघडतात आणि मग त्यांचा आपल्यावरचा विश्वासही उडतो. ठरलेली वेळ कागदावर लिहून भिंतीला लावावी. त्या वेळेला आईवडिलांनीही आपले मोबाइल बाजूला ठेवावेत, म्हणजे मुलाला नियम एकट्यासाठी केला असे वाटणार नाही.