टीएमटी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे हृदयविकारच का? अहवालातील आकडे काय सांगतात?

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आता टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, सर्रास असते. अहवाल लगेच हातात पडतो, पण हृदयरोगतज्ज्ञांची वेळ अनेकदा आठ-दहा दिवसांनंतरची मिळते. तोवर ‘पॉझिटिव्ह’ हा एक शब्द घरातल्या सगळ्यांची झोप उडवतो. प्रत्यक्षात अहवालातील इतर आकडे त्याहून जास्त सांगतात.

लक्ष्य किती ठोक्यांचे?
या चाचणीसाठी ‘ब्रूस प्रोटोकॉल’ सर्वाधिक वापरला जातो. त्यात दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. २२० मधून वय वजा केले की ठोक्यांची अपेक्षित कमाल मर्यादा मिळते. तिच्या ८५ टक्के हे लक्ष्य असते. ५५ वर्षांच्या व्यक्तीसाठी ते मिनिटाला सुमारे १४० ठोके होते. ईसीजीत बदल नसताना त्याआधीच थांबावे लागले, तर अहवालात ‘इनकन्क्लुझिव्ह’ लिहितात. म्हणजे निष्कर्ष निघाला नाही. बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळेही ठोके कमी वाढतात.

‘पॉझिटिव्ह’ कधी म्हणतात?
श्रमामुळे ईसीजीतील ‘एसटी’ रेषा १ मिलिमीटर किंवा अधिक खाली जाऊन आडवी किंवा उतरती दिसली, तर चाचणी पॉझिटिव्ह ठरते. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याचा हा संकेत आहे, निदान नव्हे. महिलांमध्ये, तसेच हृदयाची भिंत जाड झालेल्यांमध्ये, धमन्या मोकळ्या असूनही असा निकाल येऊ शकतो. उलट, निगेटिव्ह अहवाल म्हणजे क्लीन चिट नाही. रक्तप्रवाह फारसा न अडवणारे लहान अडथळे या चाचणीत सुटू शकतात.

दोन ‘पॉझिटिव्ह’, दोन अर्थ
धोका मोजण्यासाठी ‘ड्यूक ट्रेडमिल स्कोअर’ वापरतात. चाललेल्या मिनिटांतून एसटी बदलाच्या मिलिमीटरची पाचपट वजा करायची. चालताना छातीत दुखले तर आणखी ४, दुखण्यामुळे चाचणी थांबवावी लागली तर ८ वजा करायचे.

- पहिला रुग्ण: १० मिनिटे, १ मिलिमीटर, वेदना नाही. स्कोअर +५, म्हणजे कमी धोका.
- दुसरा रुग्ण: ४ मिनिटे, २ मिलिमीटर, वेदनेमुळे चाचणी थांबवली. स्कोअर −१४, म्हणजे जास्त धोका.

+५ आणि त्यावर कमी, −११ आणि त्याखाली जास्त, तर मधला मध्यम धोका मानतात. आपला अहवाल दुसऱ्या रुग्णासारखा असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयाला तसे सांगून लवकरची वेळ मागावी.

तोवर काय करावे?
- सुरू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.
- डॉक्टरांना विचारेपर्यंत जिम, धावणे, जड ओझे टाळावे.
- केवळ शेवटचे पान नव्हे, तर ईसीजीचे सर्व आलेख, जुने अहवाल आणि गोळ्यांची यादी सोबत न्यावी. पुढे इको, सीटी अँजिओग्राफी की अँजिओग्राफी, हे डॉक्टर लक्षणे आणि धोका पाहून ठरवतात.
- बसल्या जागी छातीत दाब, घाम, धाप किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ जाणवली, तर अपॉइंटमेंट विसरून तातडीने १०८ वर फोन करावा.