झाशी शहरातील सरकारी प्राथमिक शाळा नेमक्या कोणाच्या?

झाशी : मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील वाचकाला 'महापालिकेची शाळा' हा शब्दप्रयोग सरावाचा आहे. झाशीतही महापालिका आहे. परंतु शहरातील पहिली ते आठवीच्या बहुतेक सरकारी शाळा तिच्या अखत्यारीत येत नाहीत. 1972 च्या उत्तर प्रदेश बेसिक शिक्षा अधिनियमान्वये जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांच्या प्राथमिक शाळा राज्याच्या बेसिक शिक्षा परिषदेकडे सोपविण्यात आल्या. तेव्हापासून त्यांना 'परिषदीय विद्यालय' म्हटले जाते आणि जिल्हा स्तरावर त्यांचा कारभार बेसिक शिक्षा अधिकारी पाहतात. जिल्ह्यातील आठ विकासखंड आणि त्यांच्या जोडीला 'नगर क्षेत्र' अशी ही विभागणी आहे. शहरातील शाळांच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या 'नगर क्षेत्र' शब्दात आहे.

2011 च्या जनगणनेनुसार झाशी जिल्ह्याची लोकसंख्या 19 लाख 98 हजार 603, तर साक्षरता सुमारे 75 टक्के होती. त्याच वेळी राज्याची साक्षरता 67.68 टक्के होती. जिल्ह्यातील दर दहांपैकी चार जण शहरी भागात राहतात, हे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे. रेल्वे, छावणी आणि भेल कारखाना यांच्यामुळे येथे पगारदार वर्ग मोठा आहे. त्या वर्गाची मुले प्रामुख्याने केंद्रीय विद्यालयांत किंवा खासगी शाळांत जातात. परिषदीय शाळांच्या वाट्याला उरतात ती मुख्यतः रोजंदारीवरील मजूर, फेरीवाले आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची मुले. साक्षरतेचा आकडा या वर्गाविषयी फारसे काही सांगत नाही.

शिक्षकांचा प्रश्न मात्र लोकवस्तीतून आलेला नाही, तो नियमातून आला आहे. 1981 च्या सेवा नियमावलीत ग्रामीण आणि शहरी संवर्ग वेगळे आहेत. शिक्षकाची स्वतःची विनंती किंवा संमती आणि परिषदेची मान्यता असल्याखेरीज एका क्षेत्रातून दुसऱ्यात बदली होत नाही; आणि गावातून शहरात येणारा शिक्षक तेथील ज्येष्ठता यादीच्या तळाशी जातो. गेल्या काही दशकांतील भरती मुख्यतः ग्रामीण क्षेत्रासाठी झाली. परिणामी राज्यभरच्या शहरांत शिक्षक निवृत्त होत गेले, पण त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. अनेक शहरी शाळांचा भार मानधनावरील शिक्षामित्रांनी उचलला आहे. सर्वसाधारण समज असा की शिक्षक गावात जायला तयार नसतात. येथे शहराकडे येण्याचा दरवाजाच अरुंद आहे.

पैशाचे गणित पटसंख्येवर चालते. 2018 मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा अभियानाचा खर्च केंद्र आणि राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. त्यातील शाळा अनुदान 30 पर्यंत विद्यार्थ्यांना वार्षिक 10 हजार, 31 ते 100 विद्यार्थ्यांना 25 हजार आणि 101 ते 250 विद्यार्थ्यांना 50 हजार रुपये असे टप्प्यांचे आहे. म्हणजे पट 105 वरून 95 वर आला तर विद्यार्थी दहाच कमी होतात, अनुदान मात्र निम्म्यावर येते. रंग, खडू, नळदुरुस्ती यांचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही, हे कोणताही मुख्याध्यापक सांगेल. शिक्षक संख्येचेही तसेच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 पर्यंत पटाला दोन आणि 61 ते 90 ला तीन शिक्षक लागतात.

पट का घटतो, याचे एक उत्तर सरकारच्याच दोन योजना शेजारी ठेवल्यावर दिसते. परिषदीय शाळेतील मुलाच्या गणवेश, स्वेटर, बूट, दप्तर आणि वह्यांसाठी पालकांच्या खात्यात वर्षाला 1,200 रुपये जमा होतात. पाठ्यपुस्तके व माध्यान्ह भोजन वेगळे. तेच मूल शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेले, तर पुस्तके व गणवेशासाठी पालकांना वर्षाला 5,000 रुपये आणि शाळेला महिन्याला कमाल 450 रुपये प्रतिपूर्ती अशी राज्याची तरतूद आहे. गरीब पालकाने दुसरा मार्ग निवडला तर त्याला दोष देता येणार नाही.

याच पार्श्वभूमीवर 16 जून 2025 रोजी राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश काढला. सीतापूरच्या विद्यार्थ्यांची याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने 7 जुलैला फेटाळली. 24 जुलैला खंडपीठाने सीतापूरपुरती 'जैसे थे' स्थिती ठेवण्यास सांगितले. त्यानंतर, एक किलोमीटरहून दूर असलेल्या किंवा 50 हून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा जोडल्या जाणार नाहीत, असे सरकारने जाहीर केले. महाराष्ट्रात 2017 मधील कमी पटाच्या शाळांचा निर्णय आणि 2023 मधील 'समूह शाळा' प्रस्ताव यांवर झालेला वाद ज्यांनी पाहिला, त्यांना यातील युक्तिवाद ओळखीचे वाटतील. शहरात एक किलोमीटर नकाशावर लहान दिसतो, पण वाटेत रेल्वेमार्ग किंवा महामार्ग आला की सहा वर्षांच्या मुलासाठी तो लहान राहत नाही.

गुणवत्तेचे चित्र मात्र काहीसे सुधारले आहे. 'असर' सर्वेक्षणानुसार राज्याच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीतील, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण 2022 मध्ये 16.4 टक्के होते, ते 2024 मध्ये 27.9 टक्के झाले. याच काळात देशाची सरासरी 16.3 वरून 23.4 वर गेली. मूलभूत वाचन-गणितावर भर देणाऱ्या 'निपुण' कार्यक्रमाला याचे श्रेय दिले जाते. परंतु 'असर'ची ही पाहणी ग्रामीण भागापुरती असल्याने झाशी शहरातील वर्ग तिच्या कक्षेत येतच नाहीत.

पटाची मोजणीही बुंदेलखंडात सरळ नाही. शाळांच्या राष्ट्रीय माहितीसंचाची संदर्भ तारीख परंपरेने 30 सप्टेंबर राहिली आहे. दिवाळीनंतर येथील मजूर कुटुंबे वीटभट्ट्या आणि बांधकामांवर बाहेरगावी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरच्या पटावर असलेले मूल डिसेंबरमध्ये वर्गात नसते आणि 1 एप्रिलला नवे सत्र सुरू होते तेव्हाही ते बहुधा भट्टीवरच असते.